दोन अनुदाने : हवामान-अंदाज संशोधनाच्या शासकीय अर्थसाहाय्याचा इतिहास आणि नाशिकची गारपीट

प्रस्तावना

'अनुदान' हा शब्द महाविद्यालयीन अध्यापकाच्या मनात वेतनाशी, विद्यापीठ अनुदान आयोगाशी आणि संशोधन प्रकल्पांशी जोडलेला असतो. निफाड किंवा दिंडोरी तालुक्यातील द्राक्ष बागायतदाराच्या तोंडी हाच शब्द वेगळ्या प्रसंगी येतो. ऐन काढणीच्या दिवसांत गारा पडतात, तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक बांधावर येऊन पंचनामा करतात, आणि काही महिन्यांनी बँकेच्या खात्यावर जी रक्कम जमा होते ती 'अनुदान' होय. पहिले अनुदान ज्ञानासाठी दिले जाते, दुसरे नुकसानीसाठी. दोन्ही एकाच तिजोरीतून येतात. परंतु या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध असू शकतो, असा विचार आपल्याकडे क्वचितच झालेला दिसतो.

मार्च २०१४ मधील गारपिटीनंतर महाराष्ट्र शासनाने सुमारे ४,००० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. त्याच्या दोनच वर्षे आधी, २०१२ मध्ये, केंद्र शासनाने मान्सूनच्या अंदाजाची गुणवत्ता वाढविण्यासाठी 'राष्ट्रीय मान्सून अभियान' हाती घेतले होते. संपूर्ण देशासाठी आणि पाच वर्षांसाठी त्याची तरतूद सुमारे ४०० कोटी रुपयांची होती. एका राज्यातील एका हंगामाच्या नुकसानीसाठी जाहीर झालेली रक्कम ही देशाच्या पाच वर्षांच्या संशोधन तरतुदीच्या दहापट होती. हे दोन आकडे शेजारी ठेवण्यामागे शेतकऱ्यांना मिळालेल्या मदतीबद्दल तक्रार करण्याचा हेतू नाही. ती मदत अपुरीच होती. हवामानाच्या संशोधनास सरकारी पैसा केव्हा मिळाला, कोणत्या संकटासाठी मिळाला आणि कोणते संकट त्या पैशाच्या वाटेवर आले नाही, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

दुष्काळ, बंदर आणि महसूल

भारतातील संघटित हवामान-निरीक्षणाचा आरंभ आपत्तीपासून झाला, हे सर्वश्रुत आहे. ऑक्टोबर १८६४ मध्ये कलकत्त्यावर भीषण चक्रीवादळ आले. त्यानंतर १८६६ व १८७१ मध्ये पावसाने दगा दिला. १८७५ साली हिंदुस्थान सरकारने हवामान खाते स्थापन केले आणि हेन्री ब्लॅनफर्ड यांची साम्राज्याचे हवामान-वृत्तलेखक म्हणून नेमणूक केली. खाते स्थापन होऊन वर्ष उलटते न उलटते तोच १८७६-७८ चा दुष्काळ आला. मुंबई व मद्रास इलाखे आणि म्हैसूर यांना त्याची सर्वाधिक झळ बसली. या दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाचे कामकाज व ब्लॅनफर्ड यांचे पावसाच्या अंदाजाचे प्रयत्न हे एकाच काळातील आहेत. १८८२ ते १८८५ या वर्षांत त्यांनी हिमालयातील बर्फाच्या आधाराने प्रायोगिक अंदाज तयार केले, आणि ४ जून १८८६ रोजी पहिला नियमित दीर्घ पल्ल्याचा अंदाज प्रसिद्ध झाला.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. चक्रीवादळाने बंदरातील जहाजे बुडत. दुष्काळाने शेतसारा बुडे आणि मदतकार्यावर खर्च होई. दोन्ही नुकसानी सरकारच्या स्वतःच्या जमाखर्चात दिसत. याउलट ३० एप्रिल १८८८ रोजी मुरादाबाद परिसरात झालेल्या गारपिटीत २४६ माणसे मृत्युमुखी पडली. गारांमुळे झालेल्या मनुष्यहानीची जगातील सर्वांत मोठी नोंद म्हणून ती आजही सांगितली जाते. ही घटना ब्लॅनफर्ड पदावर असतानाच घडली. तरीही, दुष्काळाने दीर्घ पल्ल्याच्या अंदाजाला जशी गती दिली, तशी गती या गारपिटीने कोणत्याही अंदाजाला दिली नाही. गार ही दैवाधीन, क्षणिक आणि स्थानिक गोष्ट मानली गेली. असे मानण्यास तेव्हाचे विज्ञानही काहीसे कारण होते. परंतु विज्ञान जेथे पोचले नाही तेथे त्याला पोचविण्यासाठी पैसा द्यावा, अशी निकड सरकारला वाटली नाही, हे तितकेच खरे आहे.

गिल्बर्ट वॉकर यांच्या कारकिर्दीत, १९०४ ते १९२४ या काळात, सारा भर पुन्हा मान्सूनवरच राहिला. जगभरच्या वेधशाळांतील आकडे एकत्र करून त्यांनी परस्परसंबंध शोधले आणि त्यातून 'दक्षिणी आंदोलना'ची कल्पना पुढे आली. विषयाच्या जागतिक इतिहासात या कार्याचे मोल मोठे आहे. मात्र त्यातून येवल्याच्या किंवा सिन्नरच्या शेतकऱ्याला उद्याच्या दुपारविषयी काही कळण्याची सोय नव्हती, आणि तशी अपेक्षाही कोणी केली नव्हती. तालुक्याच्या मामलेदार कचेरीतील पर्जन्यमापक रोज मोजला जाई. तो मोजण्यामागे महसुली हिशेब होता.

पुण्याची योजना

खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगर येथील त्या वास्तूला पुणेकर अजूनही 'सिमला ऑफिस' म्हणतात. याच वर्षी शेतीविषयक शाही आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि १९२९ मध्ये इंपीरियल कौन्सिल ऑफ अ‍ॅग्रिकल्चरल रिसर्च ही संस्था अस्तित्वात आली. आजच्या भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची ही पूर्वज होय. या परिषदेच्या अर्थसाहाय्याने १९३२ मध्ये पुण्यात कृषी-हवामानशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. त्याचे प्रमुख एल. ए. रामदास हे चंद्रशेखर वेंकट रामन यांचे शिष्य होते.

ही घटना थोडी थांबून पाहण्याजोगी आहे. हवामान खात्याच्या नित्याच्या अंदाजपत्रकाबाहेरून, एका विशिष्ट प्रश्नासाठी, मुदतबंद योजनेच्या स्वरूपात मिळालेले हे अर्थसाहाय्य होते. आज आपण ज्याला 'संशोधन प्रकल्प' म्हणतो त्याचेच हे पूर्वरूप. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाच्या क्षेत्रावर उपकरणे मांडली गेली. जमिनीलगतच्या हवेचे तापमान, मातीतील उष्णता, दव, बाष्पीभवन, पिकाच्या आत व बाहेर असणारा फरक यांची मोजमापे सुरू झाली. निरभ्र, शांत रात्री सर्वांत कमी तापमान प्रत्यक्ष जमिनीवर नसून तिच्या काही वीत उंचीवर असते, हा रामदास यांचा शोध याच काळातील आहे. तत्कालीन शास्त्रज्ञांना तो सहजासहजी पटला नाही. पुढे तो 'रामदास थर' या नावाने जगभर मान्य झाला.

नाशिकच्या वाचकाला याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. दर हिवाळ्यात निफाडचे किमान तापमान वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येते. ते बहुधा कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रात नोंदलेले असते. पारा चार-पाच अंशांच्या खाली गेला की द्राक्षमण्यांची वाढ थांबते, मणी तडकण्याची भीती निर्माण होते, आणि बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवितात किंवा ठिबकने पाणी सोडतात. घड मांडवावर लोंबतो तो माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर. तापमापक असतो तो वेधशाळेच्या पेटीत. या दोन जागांच्या तापमानात किती अंतर पडते, हाच रामदास यांच्या विभागाचा विषय होता. म्हणजे शेतकऱ्याच्या पातळीवर उतरून हवामान मोजण्याचा विचार आपल्याकडे नव्वद वर्षांपूर्वी झाला होता आणि त्यासाठी सरकारी पैसाही मिळाला होता. १९४० च्या कायद्याने कृषी परिषदेसाठी शेतमालाच्या निर्यातीवर उपकर बसविण्यात आला. निर्यातीतून संशोधनाला पैसा, ही व्यवस्था आजच्या द्राक्ष निर्यातीच्या संदर्भात आठवली म्हणजे कुतूहल वाटते.

१९४५ पासून आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी हवामानवृत्त प्रसारित होऊ लागले आणि त्याच सुमारास पीक-हवामान निरीक्षणांची देशव्यापी योजना सुरू झाली. अत्यंत शिस्तीचे, कंटाळवाणे आणि म्हणूनच मौल्यवान असे हे काम होते. पुढील काळात अशा कामाची प्रतिष्ठा कमी कमी होत गेली. तीन वर्षांच्या प्रकल्पात तीस वर्षांची नोंद बसत नाही, हे त्याचे एक कारण असावे.

यंत्राचे युग

स्वातंत्र्योत्तर काळाचा तपशील येथे थोडक्यात सांगितला तरी चालेल. जागतिक हवामान संघटनेच्या साहाय्याने १७ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात उष्णकटिबंधीय हवामानशास्त्राची संस्था स्थापन झाली आणि १ एप्रिल १९७१ पासून ती शासकीय अनुदानावर चालणारी स्वायत्त संस्था झाली. हीच आजची भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था, म्हणजे आय.आय.टी.एम. बारामती परिसरात या संस्थेने १९७३ ते १९८६ या काळात, मधली काही वर्षे वगळून, अकरा पावसाळे ढगांवर मिठाची फवारणी करण्याचे प्रयोग केले. पावसात सुमारे २४ टक्के वाढ झाल्याचा त्यांचा निष्कर्ष आहे. पाऊस पाडण्याच्या प्रयोगाला राज्यकर्त्यांचा उत्साह नेहमीच लाभतो; २००३ मध्ये महाराष्ट्र शासनाने हाती घेतलेला कृत्रिम पावसाचा कार्यक्रम वाचकांच्या स्मरणात असेल. पाऊस केव्हा पडेल हे सांगणाऱ्या संशोधनाला तेवढी प्रसिद्धी मिळत नाही.

१९८७ चा दुष्काळ हा या इतिहासातील पुढचा टप्पा. डॉ. वसंत गोवारीकर हे तेव्हा विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे सचिव होते. त्यांच्या नेतृत्वाखाली सोळा घटकांवर आधारित मान्सून-अंदाजाचे प्रारूप तयार झाले आणि १९८८ पासून ते वापरात आले. त्याच वर्षी मध्यम पल्ल्याच्या अंदाजासाठी राष्ट्रीय केंद्र दिल्लीत स्थापन झाले व त्यासाठी अमेरिकेहून 'क्रे' महासंगणक मागविण्यात आला. हवा होता तो अधिक क्षमतेचा महासंगणक देण्यास अमेरिकेने नकार दिला आणि कमी क्षमतेचा दिला, तोही फक्त हवामानासाठी वापरण्याच्या अटीवर. त्या नकारातूनच पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था उभी राहिली. तीन वर्षे आणि तीस कोटी रुपये एवढ्या मर्यादेत डॉ. विजय भटकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये 'परम ८०००' सिद्ध केला. मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी ही कथा आहे व ती अनेकदा सांगितली जाते. तिची दुसरी बाजू अशी की, यापुढे हवामान-संशोधनाचे अर्थसाहाय्य म्हणजे प्रामुख्याने महासंगणक, हे समीकरण रूढ झाले.

गोवारीकरांच्या प्रारूपाने २००२ साली देशात सरासरीच्या १०१ टक्के पाऊस होईल असे सांगितले. प्रत्यक्षात ८१ टक्के झाला. प्रारूप बदलण्यात आले. दुष्काळानंतर संशोधन व संशोधनानंतर पुन्हा दुष्काळ, हा क्रम जुनाच होता.

चक्रीवादळांच्या बाबतीत मात्र अर्थसाहाय्याचे फलित निर्विवाद आहे. १९९९ च्या ओडिशातील महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. ऑक्टोबर २०१३ मध्ये त्याच किनाऱ्यावर 'फायलिन' आले तेव्हा लाखो लोकांना आधी हलविता आले आणि मृतांची संख्या पन्नाशीच्या आत राहिली. उपग्रह, किनाऱ्यावरील रडार, संगणकीय प्रारूपे आणि प्रशासनाची तयारी यांचे हे संयुक्त यश होय. संशोधनावरील खर्चाचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांसाठी याहून चांगले उत्तर शोधूनही सापडणार नाही.

सव्वीस जुलैनंतर

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर कुलाब्याला सुमारे ७४ मिलिमीटर. एकाच शहरातील दोन वेधशाळांमधील या तफावतीने एक मूलभूत प्रश्न उघड केला. तीव्र हवामान हे अनेकदा इतके स्थानिक असते की दोन निरीक्षण-स्थानांच्या मधून ते निसटून जाते. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने या घटनेचा अभ्यास केला. जुलै २००६ मध्ये केंद्रात पृथ्वी विज्ञान मंत्रालय स्थापन झाले. हवामान खाते व आय.आय.टी.एम. त्याच्या अखत्यारीत आले. मुंबईला स्वयंचलित पर्जन्यमापकांचे जाळे आणि डॉप्लर रडार मिळाले.

याच सुमारास विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने तीव्र वादळी पावसाच्या अभ्यासासाठी 'स्टॉर्म' नावाचा कार्यक्रम सुरू केला होता. त्याचा रोख पूर्व व ईशान्य भारतातील 'कालबैशाखी' वादळांवर होता. तो योग्यच होता, कारण त्या वादळांत दरवर्षी माणसे मरतात. दख्खनच्या पठारावरील फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीसाठी मात्र त्या तोडीचा निरीक्षण-कार्यक्रम झाला नाही.

पुराच्या बाबतीतही असेच दिसते, आणि येथे नाशिकचा संबंध अधिक निकटचा आहे. महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे 'मेरी', १९५९ पासून नाशिकमध्ये आहे. राज्याच्या जलविज्ञान प्रकल्पाचे कामकाजही दिंडोरी रस्त्यावरील त्याच परिसरातून चालत आले. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९५ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पातून राज्यभर नद्यांची पातळी, पाऊस व बाष्पीभवन मोजणारी केंद्रे उभी राहिली. २००५ मध्ये कृष्णाकाठी मोठे पूर आले. त्यानंतरच्या दुसऱ्या टप्प्यात तत्काळ माहिती मिळविण्याची व पुराचा अंदाज देण्याची यंत्रणा महाराष्ट्रात कृष्णा आणि भीमा या खोऱ्यांसाठी उभारण्यात आली. निवड चुकीची होती असे नव्हे. तथापि, साऱ्या राज्याच्या पाण्याची आकडेवारी ज्या शहरात जमा होत होती, त्या शहरात सप्टेंबर २००८ च्या पुरात लोक गोदाघाटावरील दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पाणी कोठवर आले, यावरूनच सराफ बाजार केव्हा रिकामा करावयाचा ते ठरवीत होते. १९६९ च्या पुराच्या आठवणीही नाशिककर त्याच मापाने सांगतात. हा मारुती म्हणजे नाशिकचा लोकमान्य पूरमापक. त्याची अचूकता नाकारण्याचे कारण नाही; पण तो पाणी आल्यावर सांगतो, आधी सांगू शकत नाही.

मान्सून अभियानाचा उल्लेख वर आला आहे. या अभियानात देशातील व परदेशांतील संशोधकांकडून प्रस्ताव मागविण्यात आले. अमेरिकेकडून घेतलेल्या एका सामायिक प्रारूपावरच सर्वांनी काम करावे, अशी अट होती. विखुरलेल्या प्रकल्पांना एका दिशेने आणणारी ही अट शहाणपणाची ठरली. जानेवारी २०१८ मध्ये पुण्यात 'प्रत्युष' व नोएडात 'मिहिर' हे महासंगणक कार्यान्वित झाले आणि त्याच वर्षी बारा किलोमीटर जाळीचे अंदाज मिळू लागले. नॅशनल कौन्सिल ऑफ अप्लाइड इकॉनॉमिक रिसर्चने २०२० मध्ये या साऱ्या गुंतवणुकीचा हिशेब केला. सुमारे एक हजार कोटी रुपयांच्या खर्चातून प्रत्येक रुपयामागे पन्नास रुपयांचा लाभ, असा तो हिशेब आहे. मात्र त्यात धरलेले लाभार्थी मुख्यतः कोरडवाहू जिल्ह्यांतील शेतकरी आणि मच्छीमार होते. विहिरीच्या व कालव्याच्या पाण्यावर उभी असलेली, लाखो रुपयांच्या भांडवलाची द्राक्षबाग त्या चौकटीत बसत नव्हती.

गार आणि जाळी

द्राक्षबागेचे वर्ष दोन छाटण्यांवर चालते. उन्हाळ्यात खरड छाटणी, आणि पावसाळा ओसरल्यावर गोडी छाटणी. गोडी छाटणीनंतर साधारण चार महिन्यांनी माल काढणीस येतो. म्हणजे फुलोरा नोव्हेंबरात आणि पक्व घड फेब्रुवारी-मार्चमध्ये, असे या पिकाचे दोन नाजूक काळ आहेत. नोव्हेंबर २००९ मध्ये 'फयान' चक्रीवादळाच्या पावसाने पहिल्या काळात घाव घातला. भुरी व डाऊनी यांनी उरलेले काम केले. २०१४ चा घाव दुसऱ्या काळातील होता. पश्चिमेकडून येणारे वाऱ्यांचे प्रवाह नेहमीपेक्षा दक्षिणेला उतरले, समुद्रावरचे बाष्प त्यांना मिळाले, आणि फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्याच्या बहुतांश जिल्ह्यांत थांबून थांबून गारा पडल्या. जमिनीवर गारांचा थर साचल्याची छायाचित्रे त्या दिवसांत घरोघरी पाहिली गेली.

अशा वेळी शेतकऱ्याला कोणता अंदाज उपयोगी पडतो? 'उत्तर महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी गारपीट' हे वाक्य खोटे नसते. परंतु गारांचा पट्टा काही किलोमीटर रुंदीचा असतो आणि गार एका जागी काही मिनिटेच पडते. बारा किलोमीटरची जाळी म्हणजे ओझर ते पिंपळगाव बसवंत एवढ्या टापूचा एकच ठिपका. त्या ठिपक्याच्या पोटात एक गाव उद्ध्वस्त होते आणि शेजारचे कोरडे राहते. मे २०२५ पासून सहा किलोमीटर जाळीचे 'भारत अंदाज प्रारूप' वापरात आले आहे. ही मोठीच मजल आहे. तरीही एकेकटा गारांचा ढग त्यात पुरता पकडला जाणार नाही. त्यासाठी रडार हवा. मुंबईचा रडार सह्याद्रीच्या पलीकडे आहे. त्याचा किरण नाशिकच्या पूर्व तालुक्यांपर्यंत येईतो जमिनीपासून बराच वर गेलेला असतो.

आणि रडारइतकीच गरज आहे ती जमिनीवरच्या नोंदीची. रडारवर दिसलेला ढग प्रत्यक्षात गार टाकून गेला की नुसता पाऊस, हे पडताळल्याशिवाय अंदाज सुधारत नाही. २०१७ पासून 'महावेध' प्रकल्पात राज्यातील दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसविण्यात आली. पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा यांची नोंद त्यांत होते. फळपीक विम्याची भरपाईही अशा केंद्रांच्या आकड्यांवर ठरते. गार मात्र या केंद्रांना मोजता येत नाही. तेथे ती फार तर वितळलेले पाणी म्हणून नोंदली जाते. म्हणूनच गारपिटीची विमा भरपाई अजूनही माणसाने प्रत्यक्ष पाहणी करूनच ठरवावी लागते.

पंचनाम्यांचे दप्तर

यातून एक विचित्र वस्तुस्थिती समोर येते. गार कोठे पडली याची या देशातील सर्वांत बारकाईची नोंद हवामान खात्याकडे नाही, आय.आय.टी.एम. कडेही नाही, ती तहसील कार्यालयात आहे. गारपिटीनंतर होणाऱ्या पंचनाम्यात गावाचे नाव असते, गट क्रमांक असतो, पीक, क्षेत्र व नुकसानीची टक्केवारी असते, तारीख असते. २०१५ पर्यंत पन्नास टक्क्यांहून अधिक नुकसान झालेले क्षेत्र मदतीस पात्र होते. त्या वर्षापासून ही मर्यादा तेहतीस टक्क्यांवर आली. म्हणजे अलीकडच्या नोंदी आणखी दाट आहेत. रडारची जाळी सूक्ष्म म्हणावी तर गट क्रमांकाची जाळी तिच्याहून कितीतरी सूक्ष्म आहे.

पंचनामे निर्दोष असतात असा दावा कोणी करणार नाही. टक्केवारी कशी ठरते, कोणाचे नाव यादीत येते, कोणाचे राहते, यांविषयी प्रत्येक गावात सांगण्यासारख्या कथा आहेत. घाईने, बहुधा चार-आठ दिवसांनंतर आणि मदतीच्या अपेक्षेच्या छायेत झालेली ही नोंद आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला सदोष साधने नवीन नाहीत. पेशवे दफ्तरातील सूट-तगाईच्या नोंदींवरून अवर्षणाचा अंदाज बांधताना आपण हेच करतो. सूट मिळविण्यासाठी नुकसान फुगविले गेले असेल हे धरूनच तो कागद वाचावयाचा असतो. एकाच दिवशी शेजारशेजारच्या वीस गावांत नुकसान दिसते आणि एकविसाव्यात दिसत नाही, तेव्हा टक्केवारी संशयास्पद असली तरी पट्ट्याची दिशा व रुंदी विश्वासार्ह असू शकते. शिवाय ती रडारच्या त्या दिवसाच्या चित्राशी ताडून पाहता येते.

हा धागा कोणी पुढे नेला नाही, याचे कारण दोन अनुदानांची दोन खाती आहेत. मदतीचे अनुदान महसूल खात्याचे. त्याचा कागद रक्कम वाटली गेली की बांधून ठेवला जातो. संशोधनाचे अनुदान पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचे. ते यंत्र, प्रारूप व संशोधन-सहायक यांसाठी दिले जाते. तहसील कचेरीतील दप्तर वाचणारा माणूस त्या अंदाजपत्रकात नसतो. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दोन वर्षांसाठी २,००० कोटी रुपयांच्या 'मिशन मौसम'ला मान्यता दिली. अधिक रडार, नवे महासंगणक, पुण्यात ढगांच्या अभ्यासासाठी खास प्रयोगकक्ष, आणि पुढे गारपीट रोखण्याचे प्रयत्न, असा त्याचा विस्तार आहे. इतक्या मोठ्या योजनेत गारपिटीच्या जुन्या पंचनाम्यांचे संकलन ही किरकोळ खर्चाची बाब ठरावी. गार रोखता आली असे म्हणावयाचे असेल, तर आधी ती कोठे, केव्हा आणि किती वेळा पडते हे माहीत असावे लागेल. नाहीतर प्रयोग यशस्वी झाला की त्या वर्षी गारच पडली नाही, हे ठरविणार कसे?

२६ नोव्हेंबर २०२३ रोजी निफाड व लगतच्या तालुक्यांत पुन्हा गारा पडल्या. फुलोऱ्यातील व मणी धरलेल्या बागा आणि कांदा यांची हानी झाली. वादळी पावसाचा इशारा या वेळी आधी दिला गेला होता. इशारा जिल्ह्याला होता, गारा काही गावांना होत्या. पंचनामे झाले आणि त्यांची दप्तरे तालुक्याच्या ठिकाणी पोचली.

शासकीय अभिलेखांचे वर्गीकरण ठरलेले असते आणि मुदत संपलेली कागदपत्रे नष्ट करण्याची तरतूदही असते. २०१४ च्या गारपिटीला दहा वर्षे उलटून गेली आहेत. निफाड, दिंडोरी, चांदवड आणि सिन्नर या चार तालुक्यांच्या त्या वर्षीच्या याद्या मिळवून त्या गावनिहाय व दिनांकानुसार नकाशावर मांडणे, २०२३ च्या याद्यांशी त्यांची तुलना करणे आणि त्या दिवसांच्या उपलब्ध रडार-चित्रांशी त्या ताडणे, एवढे काम भूगोल, इतिहास व पदार्थविज्ञान या तीन विभागांना मिळून दोन वर्षांत करता येण्याजोगे आहे. त्यासाठी महासंगणक लागत नाही. तहसीलदारांची परवानगी, दप्तर चाळणारे चार विद्यार्थी, मोडी नव्हे तर साधे तलाठ्याचे अक्षर वाचण्याची सवय आणि एखाद्या लघु संशोधन प्रकल्पाएवढे अनुदान पुरेसे होईल.